रमाबाईंचा रेडिओ जपानच्या वाटणीत

मी कुठे काम करतो हे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. काय काम करतो हे मात्र कुणालाच ठाऊक नाही, आणि रविवारी दुपारी जेवून निवांत विचार करू लागलो तर मलाही ते नीटसं सांगता येत नाही.

कुठे, ते सोपं आहे. निशिमोरी. टीव्ही, रेडिओ, टेपरेकॉर्डर बनवणारी जपानी कंपनी. एके काळी आमच्या डोंबिवलीत ज्याच्या घरी निशिमोरीचा टीव्ही, त्याच्या घरी मॅचच्या दिवशी चपला दारापासून जिन्यापर्यंत जायच्या. पण मी त्या निशिमोरीत नाही. मी निशिमोरी फायनान्शियल होल्डिंग्जमध्ये आहे. ठाण्यात कोलशेतला एका काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आमचं ऑफिस. ही कंपनी टीव्ही बनवत नाही. खरं तर ती काहीच बनवत नाही. तिकडे जपानात तिच्या मालकीची एक विमा कंपनी आहे, एक बँक आहे आणि म्हाताऱ्या माणसांसाठी निवास चालवणारी आणखी एक कंपनी आहे. या तिघींनी महिनाभरात काय केलं याचे अहवाल कोलशेतला येतात, आम्ही ते एकाखाली एक लावतो आणि परत जपानला पाठवतो. त्यातले मथळे चौथ्यांदा तपासण्याचं काम माझ्याकडे आहे. आधीच्या तीन वेळांसाठी वेगळी माणसं आहेत.

हे सगळं मी एकदा सोसायटीच्या सत्यनारायणाला, प्रसादाचा द्रोण हातात धरून, समजावून सांगितलं होतं. आमचे सेक्रेटरी अण्णा पाणी खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठल्याही प्रश्नाच्या मुळाशी जायची त्यांना सवय. डोळे मिटून ते म्हणाले, "म्हणजे तुझी कंपनी काम करत नाही. करणाऱ्यांवर लक्ष ठेवते."

"साधारण तसंच."

"मग सरळ सासू म्हण की," शेजारून रमाबाई म्हणाल्या. "तीन सुना राबतात, ही सोफ्यावर बसून विचारते, आज काय केलंत गं?"

इतकी अचूक व्याख्या आमच्या वार्षिक अहवालातही नाही. पण हशात ती वाहून गेली आणि लोकांच्या डोक्यात 'सुदेश टिपणीस, निशिमोरी टीव्हीवाले' एवढंच उरलं. मीही ते खोडून काढायला गेलो नाही. टीव्हीवाल्याला लोक बसा म्हणतात, चहा विचारतात. मथळे तपासणाऱ्याला कोण विचारतो?

तर या रमाबाई. तळमजल्यावर एकट्या राहतात. वय एकोणऐंशी. पालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, म्हणून सगळी बिल्डिंग त्यांना 'बाई' म्हणते. शाळा सुटली तरी त्यांचा लाल पेन सुटला नाही. अण्णांनी बोर्डावर लावलेली प्रत्येक नोटीस त्या तपासायच्या आणि खाली मार्क द्यायच्या. अण्णांना आजवर दहापैकी पाचाच्या वर काही मिळालं नाही. गेल्या वर्षी बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, अक्षर दिसेनासं झालं आणि अण्णांच्या नोटिसा निर्धास्तपणे लागू लागल्या.

महिन्याच्या पहिल्याच तारखेला बाई आमच्या दारात आल्या. हातात चामडी वेष्टनातला छोटा रेडिओ. वर नाव निशिमोरी.

"सुदेश, एकवीस तारखेला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात पंधरा दिवस वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. मग मी काय भिंतीशी बोलू? हा परवापासून मुका झालाय. तुझ्या कंपनीचा आहे. एवढा बोलता करून दे."

"बाई, नवीन आणून देतो ना."

"नवीन नको. ह्याची बटणं माझ्या बोटांना पाठ आहेत. अर्धा फेरा फिरवला की बातम्या, आणखी चिमूटभर फिरवलं की नाट्यगीतं. डोळे मिटूनसुद्धा लागतं."

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने 'बाई, मी त्यातला नव्हे' म्हणून हात जोडले असते. मी हात पुढे केला आणि म्हणालो, "ऑफिसात दाखवतो." माझी बायको हेमा स्वयंपाकघरातून फक्त खाकरली. चोवीस वर्षांच्या संसारात त्या खाकरण्याचा अर्थ मला पाठ आहे, पण तो मला नेहमी उशिराच आठवतो.

माझ्या डोक्यात हिशोब सरळ होता. आमच्या मीटिंगच्या खोलीतला मोठा टीव्ही बघायला दर सोमवारी एक टेक्निशियन येतो. त्याला दाखवू. मी डब्याच्या पिशवीतून रेडिओ ऑफिसात नेला. टेक्निशियनने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "सर, ह्याची स्क्रीन कुठाय?" पंचावन्न इंचांखालचं काही तो उघडत नाही म्हणे. मी रेडिओ पुन्हा पिशवीत घातला आणि संध्याकाळी घरी निघालो.

गेटवर सिक्युरिटीवाल्याने पिशवी उघडायला लावली.

"साहेब, ह्याच्यावर कंपनीचं नाव आहे."

"नाव कंपनीचं. रेडिओ रमाबाईंचा."

"रमाबाई कुठल्या डिपार्टमेंटला?"

मी त्याला सगळं सांगितलं. मोतीबिंदूही सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कंपनीचं नाव असलेला माल गेटपासशिवाय बाहेर जात नाही. रिकाम्या डब्याला हरकत नाही." रेडिओ परत चौथ्या मजल्यावर गेला आणि मी रिकामा डबा घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढलो.

दुसऱ्या दिवशी ॲडमिनच्या देवयानीकडे गेलो. मुलगी गुणी, हसतमुख, आणि तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला फॉर्म आहे. "सर, ॲक्च्युअली एकदम सिंपल आहे. गेटपासला ॲसेट नंबर लागतो. आपण ह्याला आधी रजिस्टरमध्ये टाकू, नंबर देऊ, की रिपेअरसाठी बाहेर काढता येईल." तिने पाच मिनिटांत रेडिओवर एक पांढरी पट्टी चिकटवली. मालमत्ता क्रमांक ४१२. उपयोग या रकान्यात तिने बराच विचार करून 'ऐकणे' असं लिहिलं. मी तिचे आभार मानले. आपला रेडिओ आपणच कंपनीच्या नावावर करून दिला, हे मला त्या आनंदात कळलं नाही.

गेटपासवर साहेबांची सही व्हायची होती, तेवढ्यात जपानहून परिपत्रक आलं. निशिमोरीने आपली ही फायनान्शियल कंपनी वेगळी करायचं ठरवलं होतं. शेअर भागधारकांना वाटून टाकायचे, स्वतःकडे थोडासा वाटा ठेवायचा, नाव मात्र तेच राहू द्यायचं. त्यासाठी ज्या ज्या वस्तूवर मूळ कंपनीचं नाव आहे तिची यादी होणार होती, आणि कुठली वस्तू आईची, कुठली लेकीची हे ठरेपर्यंत काहीही जागचं हलवायचं नव्हतं. यादीत तीन टीव्ही, एक प्रोजेक्टर आणि क्रमांक ४१२.

मी हे अण्णांना सांगितलं. ही माझी आणखी एक चूक.

"वाटणी आहे ही," अण्णा म्हणाले. "वेगळी चूल, आडनाव तेच. आमच्या चिपळूणच्या घरात हेच झालं. एका पितळी घंगाळापायी भावाभावांत अकरा वर्षं कोर्टकचेरी."

"शेवटी कुणाला मिळालं?"

"अजून तारखा पडतायत."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बारा तारीख उजाडली होती.

इकडे घरी वेगळंच सुरू झालं होतं. रेडिओ नाही म्हणून बाई रोज सकाळी सहाला आमच्याकडे येऊन टीव्हीवरच्या बातम्या ऐकू लागल्या. ऐकता ऐकता निवेदिकेचं व्याकरण सुधारायच्या, मग हेमाचा स्वयंपाक. चौथ्या दिवशी हेमा मला गॅलरीत घेऊन गेली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बाई फार चांगल्या आहेत, मला काही म्हणायचं नाही. पण काल माझ्या पोह्यांना सहा मार्क दिले. दहापैकी. तुमच्या त्या जपान्यांना सांगा, काय ते लवकर उरका."

मी नौपाड्यात जाऊन एक नवा रेडिओ आणला. दिव्यांची माळ लावल्यासारखा चमकायचा. बाईंनी बटण दाबलं तर आतून एक बाई ठसक्यात इंग्रजीत काहीतरी म्हणाली. "ही कोण?" बाईंनी विचारलं. दुसरं बटण दाबलं, ती पुन्हा बोलली. "हिला आधी गप्प कर, मग रेडिओ लाव." तिला गप्प करणं मला जमलं नाही. तो रेडिओ आता आमच्या कपाटात आहे.

"मला तो माझाच हवा रे," बाई उठता उठता म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "अंधाराची सवय नाही मला. सोबतीला ओळखीचं कुणी असलं म्हणजे बरं." मला एकदम फार वाईट वाटलं. आतापर्यंत मी माझ्या अब्रूचाच विचार करत होतो.

सल्ले मागायची गरज नव्हतीच, ते येत होते. माहितीच्या अधिकारात अर्ज कर, असं पहिल्या मजल्याचं म्हणणं. दुसऱ्या मजल्याने ग्राहक मंच सुचवला. शेवटी अण्णा म्हणाले, "सरळ पोटाला बांधून आण. तुझं पोट बघता आणखी एक रेडिओ कुणाच्या लक्षात येणार नाही." सल्ला म्हणून तो वाईट नव्हता. शब्दरचना जरा बरी करता आली असती.

सोळा तारखेला संध्याकाळी मी देवयानीच्या टेबलापाशी उगाच घुटमळलो. तिने माझ्याकडे पाहिलं, रेडिओ ठेवलेल्या कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सर, मी चहाला चाललेय. किल्ली इथेच आहे. मी काही बघितलेलं नाही." मी हेमाची ओढणी बरोबर आणली होती. वॉशरूममध्ये रेडिओ पोटाला बांधला, वर शर्ट, वर स्वेटर. ठाण्यात स्वेटर घातलेला माणूस तसाही संशयास्पदच दिसतो, पण माझा इलाज नव्हता.

गेटवर कार्ड दाखवलं, सिक्युरिटीवाल्याने सलाम ठोकला. मी फिरत्या दांड्यातून आत सरकलो, म्हणजे बाहेर सरकलो, आणि दांडा पोटावर दाबला गेला. इतके दिवस मुका असलेला रेडिओ त्याच क्षणी खणखणीत आवाजात म्हणाला, "...तेव्हा शेतकरी बंधूंनो, कपाशीवर बोंडअळी दिसताच घाबरून जाऊ नये!"

मी घाबरून गेलो.

"साहेब," सिक्युरिटीवाला म्हणाला, "तुमच्या पोटातून आवाज येतोय."

"अपचन आहे," मी म्हणालो.

पोट पुढे म्हणालं की फवारणी शक्यतो संध्याकाळी करावी, वाऱ्याची दिशा बघून. मागे रांगेत उभ्या असलेल्या एकाने तर हे फोनवर टिपूनही घेतलं. सिक्युरिटीवाल्याने नोंदवहीत लिहिल्याप्रमाणे हे चौदा सेकंद चाललं. नंतर रेडिओ पुन्हा मुका झाला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर लेखी खुलासा मागणारं पत्र होतं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलंच पत्र, आणि त्यात 'बोंडअळी' हा शब्द होता. वाटणीच्या कामासाठी जपानहून कोजिमा नावाचे साहेब आले होते, त्यांच्यासमोर मला उभं करण्यात आलं. साठीकडे झुकलेला, बारीक चणीचा, अत्यंत टापटीप माणूस. मध्ये टेबलावर क्रमांक ४१२. शेजारी दुभाष्यासारखी देवयानी, कारण घाबरलो की माझं इंग्रजी शाळेत परत जातं.

मी सगळं खरं सांगितलं. बाई, मोतीबिंदू, बिल्डिंग, टीव्हीवाले हा गैरसमज आणि तो मी का खोडला नाही तेही. बाईंनी केलेली कंपनीची व्याख्याही सांगून टाकली. सासूचा अर्थ देवयानीने समजावला. कोजिमासाहेबांनी वही काढून ते लिहून घेतलं आणि खाली एक रेघ मारली.

मग त्यांनी रेडिओ हातात घेऊन उलटा केला. "मी एकतीस वर्षं विमा विभागात आहे," ते हळूच म्हणाले. "आमच्या इमारतीतले लोक अजून माझ्याकडे रिमोट घेऊन येतात. बायकोच्या मामांचा एक व्हिडिओ रेकॉर्डर सहा वर्षं माझ्या घरी पडून आहे."

"तुम्ही त्यांना काय सांगता?"

"सांगतो, ऑफिसात दाखवतो."

इतक्या जवळचा माणूस मला आमच्या कंपनीत पहिल्यांदाच भेटत होता.

पण साहेब जपानी होते. नोंदलेली वस्तू अशीच उचलून देता येत नाही, हे त्यांनी वाकून, दिलगिरी व्यक्त करून सांगितलं. वस्तू चालू असेल तर ती वाटणीत जाणार आणि बहुधा टोकियोला. फक्त बंद पडलेल्या वस्तू भंगारात काढता येतात, आणि त्यासाठी समिती नेमून खात्री करावी लागते.

अठरा तारखेला समिती बसली. कोजिमासाहेब, देवयानी आणि ज्याने चौदा सेकंदांची नोंद केली तो सिक्युरिटीवाला. तिघांनी आळीपाळीने बटण दाबलं. अठरा दिवस मी हा रेडिओ बोलावा म्हणून देवाला साकडं घालत होतो, आता त्याच देवाला हात जोडून म्हणत होतो की मेहेरबानी कर आणि याला गप्प ठेव. देवाचाही गोंधळ झाला असणार. सिक्युरिटीवाल्याने जाता जाता रेडिओला एक चापट मारली. रेडिओ खरखरला. कोजिमासाहेबांनी चटकन मोठ्याने खोकून घेतलं आणि म्हणाले, "बंद आहे." पांढऱ्या पट्टीवर क्रमांकाखाली लाल शाईचा शिक्का बसला: निरुपयोगी, भंगार.

वीस तारखेला दुपारी कंपनीचं भंगार कोलशेतच्याच कमलेश नावाच्या भंगारवाल्याकडे गेलं. अर्धी रजा टाकून मी टेम्पोच्या मागे रिक्षाने निघालो. त्याच्या गोदामात अकरा कीबोर्ड आणि एका मोडक्या खुर्चीखाली क्रमांक ४१२ सापडला. "हा घेऊन काय करणार, अंकल? मेलेला आहे," कमलेश म्हणाला. सुटा देणार नाही म्हणाला, म्हणून खुर्चीही घ्यावी लागली. ती मी तिथेच ठेवून आलो.

तिथून मी थेट डोंबिवली, मानपाडा रोड. तिथे गुणाजीचं छोटं दुकान आहे, आमच्या बिल्डिंगपासून चालत सात मिनिटांवर. गुणाजी पन्नाशीचा, जाड चष्म्याचा. त्याने मागचं झाकण काढलं, आत फुंकर मारली.

"स्प्रिंग गंजली हाय. बाकी काय नाय." त्याने ब्लेडने गंज खरवडला, स्प्रिंग जरा वर ओढली, सेल बसवले. नाट्यगीत सुरू झालं. माझ्या वीस दिवसांवर त्याने चार मिनिटं खर्च केली. "कोनाचा हो?"

"आमच्या बिल्डिंगमधल्या रमाबाईंचा."

"शालंतल्या बाई? मग पैसं नको."

"एक कराल का? मी इथे आलेलो हे त्यांना सांगू नका."

गुणाजीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ती होकाराची होती असं मी धरून चाललो. पांढरी पट्टी काढायचा मी प्रयत्न केला, पण ती चामड्यासकट निघू लागली. म्हटलं राहू दे, बाईंना कुठे वाचता येतंय. ऑपरेशन कशासाठी होतं, हा मुद्दा त्या क्षणी माझ्या नजरेतून सुटला. मथळे चौथ्यांदा तपासणाऱ्या माणसाचं हे असं होतं.

संध्याकाळी बाईंच्या हातात रेडिओ ठेवला. त्यांनी डोळे मिटले, अर्धा फेरा फिरवला, बातम्या लागल्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"जपानहून साहेब आले होते," मी म्हणालो. "त्यांनी स्वतः लक्ष घातलं. समिती बसवली." यातला शब्दन् शब्द खरा होता.

ऑपरेशन छान झालं. बिल्डिंगभर मात्र बातमी पसरली की जपानने रमाबाईंच्या रेडिओसाठी समिती नेमली. पंधरा दिवसांत माझ्याकडे दोन मिक्सर, एक गिझर आणि अण्णांचा टेबलफॅन आला. या वेळी मी एकही आत घेतला नाही. "माझी कंपनी सासू आहे," मी प्रत्येकाला दारातच सांगितलं. "दुरुस्तीसाठी मानपाडा रोडला गुणाजी." म्हणताना जड गेलं, पण तिसऱ्या माणसापासून सवय झाली.

सोळाव्या दिवशी बाईंनी बोलावलं. काळा चष्मा काढून खुर्चीत बसल्या होत्या. बाहेर बोर्डावर अण्णांच्या तीन नोटिसा लाल झालेल्या मी येतानाच पाहिल्या होत्या. बाईंनी मला नीट वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"अगं बाई! किती पिकलास रे सुदेश. आणि हे पोट?"

मग त्यांनी रेडिओ पुढे केला. पांढरी पट्टी माझ्या डोळ्यांसमोर. "हे काय लिहिलंय?"

मी शाळेत उभं राहावं तसा उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ओढणी, बोंडअळी, भंगार, गुणाजी. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

"गुणाजीने त्याच रात्री फोन केला होता," त्या म्हणाल्या. "चौथीत दोनदा बसला, पण माझ्यापासून काही लपवायला कधी शिकला नाही."

"मग तुम्ही सगळ्यांना जपानचं कशाला सांगितलंत?"

"तुझं वाक्य मी तपासलं होतं. खोटं त्यात काही नव्हतं, फक्त अर्धं होतं. आणि माझ्यासारख्या म्हातारीच्या ह्या डब्यापायी वीस दिवस धावलास, त्याची थट्टा अण्णांच्या तोंडी कशाला द्यायची? आणि हे पोटाचं तर त्यांना कळूच देऊ नकोस, सगळं सोडून तेवढंच लक्षात ठेवतील." त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच होता.

मग त्यांनी लाल पेन उचलला. पट्टीवरच्या 'निरुपयोगी, भंगार' या शब्दांवर सावकाश एक सरळ रेघ मारली. खाली वळणदार अक्षरात लिहिलं: पास, शंभरपैकी पस्तीस.

"बाई," मी विचारलं, "हे मार्क रेडिओचे की माझे?"

बाईंनी डोळे मिटले आणि बटण अर्धा फेरा फिरवलं. बातम्या सुरू झाल्या होत्या, आणि बातम्यांच्या वेळी त्या कुणाशी बोलत नाहीत.